हिटलरच्या लढाईतली जीप

"काका, हे लढाईतली जीप हाय." टोचन करून आणलेल्या गाडीचं स्टिअरिंग सोडता सोडताच त्यानं सांगून टाकलं.

"कोनत्या लढाईतली?"

"हिटलरच्या."

शेजारच्या सीटवरून त्याचे वडील सावकाश उतरले. माझ्या पोरानं पुढं सरकवलेल्या खुर्चीवर बसले, तांब्यातलं पाणी प्याले आणि ट्रॅक्टरवाला साखळी सोडत होता तिकडं बघत राहिले. एप्रिल चालू होता. हरभरा विकून झाला की आमच्याकडं असली हौसेची कामं येतात. एकदा मृग लागला, की गॅरेजात ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्रांशिवाय दुसरं काही दिसत नाही.

गाडी त्यानं जीव लावून रंगवली होती. लष्करी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागं जेरीकॅन. वाशीमच्या मालेगाव तालुक्यातल्या त्याच्या गावात १५ ऑगस्टच्या मिरवणुकीत तीच पुढं असते म्हणे. त्याची मागणी दोन कलमी होती. एक, लोमध्ये गाडी दम धरत नाही आणि क्लच जळतो, दोन वर्षांत दोन प्लेटा गेल्या, त्याचा बंदोबस्त करायचा. दुसरी मागणी अशी, की गाडीला व्हिंटेजचा नंबर घ्यायचा आहे, तेव्हा गिअरबॉक्स ओरिजनल मिलिटरीची आहे असं मी माझ्या लेटरहेडवर लिहून द्यायचं.

"मिलिटरीची पेटी फास्टच राह्यते ना काका? म्हनून क्लच जळत असन."

गाडी लढाईतली नाही, हे मला ती फाटकातून आत येतानाच दिसलं होतं. समोरच्या जाळीत उभ्या फटी सात होत्या. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या, त्यांच्या पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात. शिवाय हिचं बॉनेट उंच होतं. विलीसनं लढाईनंतर जे इंजिन आणलं त्यात आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये वर गेले आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्येच राहिले. त्यानं इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेटही वर उचलावं लागलं. ती गाडी म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ पासून निघाली. महिंद्रानं १९४७ साली विलीसच्या जीपा जोडायला सुरुवात केली होती, त्याच वाटेनं ही उंच बॉनेटवालीही आली आणि आपल्याकडं तिचं बिऱ्हाड अमेरिकेपेक्षा जास्त काळ टिकलं. आरसी बुकात साल १९६४ होतं, म्हणजे हिटलर जाऊन १९ वर्षं झाली होती.

पण मी तोंड उघडलं नाही. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी दिलेला निकाल महागात पडतो. त्यातून म्हातारा समोर बसलेला. माणसाच्या बापासमोर त्याच्या घरात आज्यापासून चालत आलेली गोष्ट खोटी आहे म्हणायचं, तर हातात काहीतरी मोजलेलं असावं लागतं.

ज्यांनी जीपांचा काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाशीम १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातच. म्हणून या गाडीचा जुना नंबर अकोल्याचा, आताच्या एमएच-३७ शी त्याचा काही संबंध नाही. त्या काळी जीप म्हणजे सरकार. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि बीडीओ, कृषी खातं, मलेरियावाले असे सगळे जीपमधून फिरायला लागले. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात दुसरं कोणतं चाक चालतच नव्हतं. रिसोड, मानोऱ्याकडच्या आतल्या गावांना रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. गाड्या म्हाताऱ्या झाल्या की खातं त्या लिलावात काढायचं आणि गावचा एखादा सधन शेतकरी ती घ्यायचा. मग तीच जीप कापसाची गाठोडी, लग्नाचं वऱ्हाड, बाळंतीण आणि निवडणुकीचा भोंगा असं सगळं वाहायची. पुढं काळी-पिवळी आली. डिझेलची कमांडर, दहाची सीट आणि आत वीस, टपावर वेगळे. पोहरादेवीच्या यात्रेत मी एका कमांडरमधून उतरलेली माणसं मोजली होती. आकडा सांगत नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही. त्या डिझेल गाड्यांत चार गिअर आणि नंतर पाचसुद्धा आले. तीन गिअरची पेट्रोल जीप मागं पडली ती कायमचीच.

माझी सुरुवात त्या तीन गिअरवाल्यांपासूनच. १९८४ साली, वय चौदा, अकोल्यात एका उस्तादकडं हेल्पर म्हणून लागलो. पहिली दोन वर्षं पार्ट धुण्यात गेली. त्यानंतर मला वाटायला लागलं की आपल्याला सगळं कळतं.

एकदा अशीच एक जीप आली. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की करकर वाजायची. उस्ताद गावाला गेले होते. मी खाली सरकलो आणि बघितलं: तीन गिअर, ओतीव पेटी, वर घुमट, त्यातून दांडी. म्हटलं, टी-९०. सगळ्या जीपांत तीच असते. पेटीवर बोटभर चिखल होता, तो खरवडण्याचेही कष्ट घेतले नाहीत. दिल्लीला कश्मिरी गेटच्या एका दुकानात ट्रंक कॉल लावला, सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना फेऱ्यांचा वेग जुळवणाऱ्या रिंगा मागवल्या, पैसे आगाऊ गेले. दहा-बारा दिवसांनी ट्रान्सपोर्टनं पार्सल आलं, पेटी उघडली, तर एक रिंग बसेल तर शपथ. गाडी डिस्पोजलची निघाली, खरीखुरी लढाईतली, आणि तिच्यातली पेटी होती टी-८४. दोन्ही पेट्या अमेरिकेच्या वॉर्नर गिअरच्याच. लांबून बघितल्या तर सख्ख्या बहिणी, पण टी-८४ अंगानं बारीक आणि टी-९० चे पार्ट तिला चालत नाहीत.

उस्ताद आले, पार्सल पाहिलं, मला ओरडले नाहीत. पेटीवरचा चिखल स्वतः खरवडला, आतून उठावाची अक्षरं निघाली. मला म्हणाले, "ये पढ लेता तो पैसा बचता." मी मान हलवली. मग त्यांनीच पुढं जोडलं, "लेकिन पढके भी भरोसा मत कर. लिखेला डिब्बे का है. दाँत किसके हैं, वो गिन."

पेटीवरची अक्षरं पेटीचं नाव सांगतात. आत दात कोणाचे आहेत ते मोजल्याशिवाय कळत नाही. पन्नास-साठ वर्षांत एका जीपच्या पोटात कितीजणांचे हात गेलेले असतात. कोणी मेन शाफ्ट बदललेला, कोणी काउंटर गिअर, कोणी अख्खी पेटी. मोजायची रीत त्यांनी मला त्याच दिवशी शिकवली, त्याच टी-८४ वर. पार्सलचे पैसे पगारातून कापले, तेही त्याच दिवशी.

तर या जीपचं. आधी मी सीटवर बसून दांडी हलवून पाहिली. जुन्या तीन गिअरचा नकाशा हाताला ओळखू येतो: डावीकडं वर रिव्हर्स, डावीकडं खाली पहिला, उजवीकडं वर दुसरा, उजवीकडं खाली तिसरा. नव्या पोरांना ही गाडी चालवायला दिली की ती पहिला टाकायला जातात आणि गाडी मागं येते. पहिल्याला सिंक्रो नाही, त्याचे दात सरळ कापलेले. गाडी थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, टाकलाच तर डबल क्लच मारून इंजिनाचा आवाज कानानं जुळवून टाकावा लागतो. आणि चालताना तो पहिला गिअर एकसुरी गातो. जुने ड्रायव्हर त्या सुरावरून गाडी ओळखायचे. हे सगळं हिच्यात होतं. पण हे सगळं टी-८४ मध्येही असतं आणि टी-९० मध्येही. एवढ्यानं फक्त चार गिअरवाली बाद झाली.

दुसऱ्या दिवशी पेटी खाली काढली. गिअरबॉक्स आणि तिच्या पाठीला बोल्टानं जोडलेली ट्रान्सफर केस अशी जोडगोळी, जॅकवर तोलून, दोघांनी मिळून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गिअरबॉक्समधून आलेली ताकद ही मागची पेटी पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटते, आणि तिच्यात एक हाय, एक लो असतो. हायमध्ये जसा फेरा येतो तसाच पुढं जातो. लोमध्ये फेरे कमी होतात आणि ओढ वाढते. नांगरटीचं रान, नाल्याचा चढ, चिखलात रुतलेली ट्रॉली यासाठी लो. आमच्याकडं या पेटीला कोणी 'छोटी पेटी' म्हणतं, कोणी 'फोर बाय फोर'.

तेल आणि काळी माती मिळून पेटीवर जो थर बसतो तो सुकलेल्या पुरणासारखा असतो. वर कोरडा, आत मऊ. पूर्वी आम्ही रॉकेलनं धुवायचो. आता रॉकेल मिळायचं बंद झालं, डिझेल आणि ब्रश. माझ्या पोरानं स्क्रू ड्रायव्हरनं थर काढला आणि बाजूच्या अंगावर अक्षरं वर आली: टी-९०. म्हणजे पेटी लढाईनंतरची. जीपच्या सालाशी, बॉनेटशी, सगळ्याशी जुळतं. पोरगा म्हणाला, "झालं ना बाबा, भेटलं."

मी त्याला जुनी क्लच प्लेट आणायला सांगितली.

हे जरा नीट सांगतो, कारण कोणालाही घरी करता येतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातून जो शाफ्ट बाहेर येतो त्याच्या खाचांवर जुनी क्लच प्लेट सरकवायची. ती हँडलसारखी हातात येते. प्लेटच्या कडेला खडूची एक रेघ मारायची आणि तिच्यासमोर पेटीवर एक. मागं, ट्रान्सफर केसच्या टोकाला जीपच्या हँडब्रेकचा ड्रम असतो. तो चाकावर नसून इथं मधेच बसवलेला असतो, हे पाहून नवे मेकॅनिक चमकतात. त्या ड्रमवर तिसरी रेघ, आणि तिच्यासमोर चौथी. ट्रान्सफर हायमध्ये ठेवायची, म्हणजे मागची पेटी हिशोबात लुडबुड करत नाही. मग पहिला गिअर टाकायचा. एकानं पुढची प्लेट फिरवत फेरे मोजायचे, दुसऱ्यानं मागचा ड्रम बघायचा. ड्रमचे बरोबर दहा फेरे झाले की थांबायचं.

दहाच का, तर फरक बारीक असतो. टी-८४ च्या पहिल्या गिअरचं प्रमाण २.६६, टी-९० चं २.८०. एक फेरा मोजला तर खडूच्या रेघेत काही कळत नाही. दहा फेऱ्यांत एकीचे साडेसव्वीसच्या थोडे वर येतात, दुसरीचे अठ्ठावीस. सव्वा-दीड फेऱ्याचं अंतर आंधळ्यालाही समजतं.

मी प्लेट फिरवत होतो, पोरगा ड्रमपाशी उकिडवा बसून "एक... दोन..." करत होता. मालक मोबाइलवर चित्रण करत होता. म्हाताऱ्यानं खुर्ची जरा जवळ ओढून घेतली. पोरानं "दहा" म्हटलं तेव्हा माझे अठ्ठावीस झाले होते, रेघ रेघेसमोर. पुन्हा केलं. पुन्हा अठ्ठावीस. दुसऱ्या गिअरला साडेपंधरा, तेही टी-९० शी जुळणारं. म्हणजे डबाही टी-९० आणि दातही टी-९०. उस्ताद असते तर त्यांनी चहा मागवला असता.

पण क्लच का जळतो, हे अजून कळलं नव्हतं. पेटी ठाकठीक, दात शाबूत, बेअरिंग थोडी सैल पण चालण्यासारखी. मग म्हटलं, मागचीही मोजून टाकू. गिअरबॉक्स तिसऱ्यात टाकली. तिसरा सरळ असतो, एकास एक, त्यामुळं आता पुढची पेटी हिशोबातून बाहेर. पुढच्या चाकांची दांडी आधी ओढली. या जीपांत ती ओढल्याशिवाय लो पडतच नाही, नाहीतर सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर जाऊन तो मोडेल. मग लो टाकला.

सीजे-३बीच्या ट्रान्सफर केसचा, म्हणजे स्पायसर १८ चा, लो असतो २.४६. दहा फेऱ्यांना साडेचोवीसच्या वर जायला पाहिजे. पोरगा "दहा" म्हणाला तेव्हा मी एकोणीसवर होतो आणि प्लेट पाऊण फेऱ्याच्या जरा अलीकडं.

"चुकला असशीन. पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आम्ही जागा बदलल्या, त्यानं प्लेट फिरवली, मी ड्रम पाहिला. एकोणीस आणि पाऊण फेऱ्याला थोडं कमी. दहानं भागलं तर १.९७.

हा आकडा मी विसरणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी त्याच टी-८४ च्या पाठीमागं हाच मोजला होता. १.९७ हा लढाईतल्या जीपचा लो आहे.

मी खाली बसूनच मालकाला समजावून सांगितलं. पहिल्या गिअरात आणि लोमध्ये मिळून या जीपला जवळपास सातपट कपात मिळायला पाहिजे, तिला मिळते साडेपाच. म्हणजे चढावर जोर पाचवा हिस्सा कमी आणि त्याच इंजिनाला गाडी पळते मात्र जास्त. चालवणारा मग वेग आवरायला क्लच अर्धा दाबून ठेवतो. प्लेट जळणार नाही तर काय होईल. गिअरबॉक्सचा काही दोष नाही. तिच्यामागं दुसऱ्याच गाडीची पेटी बसलेली आहे.

"दुसऱ्या कोनत्या?"

"हिटलरच्या लढाईतली," मी म्हणालो. आता हसायची पाळी कोणाची हे मलाही कळेना.

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा बोलला. "तेच तं."

आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो.

"तेच तं म्हनतो मी. पेटी आनल्ती बाबानं. बहात्तरच्या दुष्काळानंतर. रानात दगडाची ट्रॉली वढता वढता मागची पेटी फुटली, दात चाळनीत घ्यावे तसे निंगाले. नवी पेटी कोन देते, अन् देल्ली तं पैसा कुठून आनता. बाबा नागपूरले गेले, भंगारवाल्याच्या इथून हे घेऊन आले. एष्टीत आनली. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं अन् वरून बोलला, का बुढ्या, तोफ घेऊन चालला का."

"मंग तुम्ही सांगलं काऊन नाई बाबा?" मुलाचा आवाज चढला.

"तू इचारलं कवा? बाबा सांगत, लढाईतल्या जीपची पेटी बसवली म्हनून. तुम्ही पोरं पेटी म्हननं सोडून देल्लं. खाली जीपच राह्यली."

इतकं बोलून ते पुन्हा गप्प झाले. मला त्या क्षणी वाटलं, की मी चाळीस वर्षं पेट्या मोजतो, पण गोष्टीतून एक शब्द गळाला की काय होतं हे कोणी मोजून दाखवलेलं पाहिलं नव्हतं. आज्यानं खरं सांगितलं होतं, बापानं खरं ऐकलं होतं आणि नातवानं बॉनेटवर पांढरा तारा काढला.

तरी मी ट्रान्सफर केस उघडली. म्हाताऱ्याच्या शब्दावर अविश्वास म्हणून नाही, उघडल्याशिवाय मला झोप आली नसती. तळाचं झाकण काढलं आणि मधल्या गिअरचा शाफ्ट बाहेर ठोकला. व्हर्निअर लावला: १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. लढाईतल्या पेटीचा शाफ्ट एवढाच असतो. पुढं कंपनीला तो बारीक वाटला, मग सव्वा इंचापर्यंत जाड करत नेला. तेव्हा आकड्यानंही तेच सांगितलं आणि लोखंडानंही.

आत आणखी एक गंमत निघाली. बाजूच्या झाकणाखालची पॅकिंग कोणीतरी वहीच्या पुठ्ठ्यातून कातरलेली होती. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले असायचे ती वही. तेलानं पिवळ्या झालेल्या त्या कागदावर सतराच्या पाढ्याची खालची अर्धी बाजू शाबूत होती आणि बोल्टाचं भोक एकशे एकोणीसमधून गेलं होतं. पॅकिंगची कातर इतकी सफाईदार, की आज माझ्या हातून तशी होईल की नाही, शंका आहे. दोन्ही पेट्या जिथं जुळतात तिथं त्या कारागिरानं पंचनं तीन ठिपके मारून ठेवले होते, पुढच्या माणसाला उलटी बसवायची चूक होऊ नये म्हणून. त्या मिस्त्रीचं नाव म्हाताऱ्यालाही आठवत नव्हतं. पण त्या तीन ठिपक्यांनी माझं अर्ध्या तासाचं काम वाचवलं. लढाईतली ट्रान्सफर केस टी-९० च्या पाठीला बसते, भोकं जुळतात, हे त्याला कोणत्या पुस्तकानं सांगितलं असेल? बहुतेक त्यानं दोन्ही पेट्या समोरासमोर धरून पाहिल्या असतील, बस.

आता प्रश्न असा आला, की करायचं काय. मुलगा म्हणाला, बरोबरची पेटी शोधा, २.४६ वाली, बसवून टाका, व्हिंटेजसाठी सगळं ओरिजनल पाहिजे. शोधली असती तर मिळालीही असती. जुन्या जीपांचा माल अजून फिरतो, पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीत तर जुन्या जीपा जोडून देणारं अख्खं मार्केट आहे. पण मी त्याला केंद्राचा २०२१ चा नियम मोबाइलवर वाचायला लावला. ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात ठेवलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. नव्या नोंदणीची फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. गिअरबॉक्सचं त्या ओळीत नावसुद्धा नाही.

"म्हंजे रोजच्याले नाई काढता येत?" त्याचा चेहरा उतरला. तो तालुक्याचा बाजार याच जीपमधून करायचा.

"नाई."

"अन् ट्रॉली?"

"भाऊ, ते तं इसरूनच जा."

त्यानं बापाकडं पाहिलं. बाप म्हणाला, "समृद्धीवर तसंही ते चालत नाई. तिथं लोकं एकशेवीसनं पयतात." मालेगाव तालुक्यातून तो महामार्ग गेल्यापासून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात वेगाचा आकडा येतोच येतो. मग ते मला म्हणाले, "पेटी राहू द्या. बाबानं एष्टीत आनलेली हाय."

ती मी राहू दिली. माझंही मत तेच होतं, पण ते मी सांगायच्या आधी म्हाताऱ्यानं सांगितलं हे बरं झालं. मेकॅनिकनं कोणाच्या आज्याच्या पेटीवर निकाल देऊ नये. लोचा दम वाढवता आला नसता, म्हणून क्लच तरी नीट केला. नवी प्लेट, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा नव्या, पेडलचा खेळ मापात. गिअरबॉक्सला बेअरिंग आणि सील टाकले. तेल टाकताना ८०डब्ल्यू-९० चं जीएल-४ टाकलं, कारण दुकानदार कौतुकानं जे जीएल-५ देतात ते पितळेच्या सिंक्रो रिंगांना मानवत नाही. या एका गोष्टीवर मी दुकानदारांशी वर्षानुवर्षं भांडतो आहे आणि जिंकत नाही. मधल्या शाफ्टची रिंग बदलली. पाढ्यांचा पुठ्ठा मात्र परत बसवता आला नाही, काढताना फाटला. मी नवी पॅकिंग कातरली आणि जुनी म्हाताऱ्याच्या हाती दिली. त्यांनी ती पंच्याच्या टोकात बांधली.

चढाची चाचणी आम्ही मालेगावच्या पुढं, मेडशीकडच्या घाटवजा रस्त्याला घेतली. क्लच पूर्ण सोडून, पहिला, लो, मुलगा स्टिअरिंगवर, मी बाजूला. गाडी त्याच्या मनासारखी हळू गेली नाही, पण क्लचचा वास आला नाही. "असंच सोडून चालव," मी म्हणालो, "हे पयनारच. याचं गोत्रच पयनाऱ्याचं हाय."

लेटरहेडचं काय, ते त्यानं जाताना पुन्हा विचारलं. मी तिथंच टेबलावर बसून लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. दोन प्रती केल्या, एक त्याला, एक माझ्या फायलीला. फायलीतली प्रत समोर ठेवून उतरवतो:

गाडी: सीजे-३बी, पेट्रोल, १९६४. गिअरबॉक्स: टी-९०, तीन गिअर, पहिला २.८०, मोजून खात्री केली. ट्रान्सफर केस: स्पायसर १८, लो १.९७, मधला शाफ्ट १९ मिमी, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची. नागपूरहून एसटीनं आणून बसवलेली, १९७२ नंतर.